प्रतिसाद: फानियाच्या सीडी, जुनी घ्यावी की नवी?

एकाने विचारलंय की फानिया या सालसा संगीताच्या रेकॉर्ड कंपनीची जुनी सीडी स्वस्तात मिळत असेल तर नव्या आवृत्तीला जादा पैसे का द्यायचे. माझं मत स्पष्ट आहे: फानियाच्या बाबतीत नवीच घ्या.

जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. मासुची १९९७ साली गेले. २००५ मध्ये मालकी बदलली आणि पुढच्या वर्षापासून मूळ टेपवरून रीमास्टर केलेल्या (म्हणजे आवाज नव्याने सुधारलेल्या) सीडी येऊ लागल्या, सोबत माहितीपुस्तिकाही. त्याआधीच्या कित्येक सीडींचा आवाज अगदी पातळ.

कोंगा (हातांनी वाजवायचा उंच ढोल) वाजवणाऱ्या रे बार्रेत्तोचा फानियावरचा १९६८चा 'अ‍ॅसिड' लावून बघा. शीर्षकगीत बासच्या एकाच घोळवलेल्या ओळीवर उभं आहे. ती ओळ अंगात भिनली नाही तर पुढे ट्रम्पेट कितीही चढू देत, मजा येत नाही. ओरेस्तेस विलातोच्या टिंबालेचा (काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या ढोलांची जोडी) टणत्कार आणि कोंगाच्या कातड्याचा घुमारा वेगवेगळा ऐकू यायलाच हवा. हेडफोन चांगला असेल तर फारच सुंदर!

मात्र सगळीकडे हाच नियम लावू नका. व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवणाऱ्या कॅल जेडरचे फँटसी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीचे जुने अल्बम एका सीडीत दोन असे निघाले होते, उदाहरणार्थ 'लोस रित्मोस कालिएन्तेस'. मोंगो सांतामारिया आणि विली बोबो हे तालवादक दोघंही त्यात आहेत. ती सीडी जुन्या बाजारात दिसली तर बिनधास्त उचला.