सँट्रो झिंगचं ॲव्हरेज १०.६ वर आलंय, काय काय बघू?

धायरीकर
बाबांची २००९ ची सँट्रो झिंग आता मी वापरतो. ९४ हजार किमी झालेत. पंधरा वर्षं संपल्यावर आरटीओत नूतनीकरण करून पाच वर्षं वाढवून घेतली, पर्यावरण करही भरला, त्यामुळे इतक्यात विकायची नाही.

रोज धायरी ते हडपसर, जाऊन-येऊन ३५ किमी. बाबा चालवायचे तेव्हा गावात १४-१५ द्यायची. आता टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलं तर ३१२ किमीला २९.४ लिटर, म्हणजे १०.६. सर्व्हिसिंग वेळेवर आहे, प्लग आणि एअर फिल्टर नवे, चेक इंजिनचा दिवा लागत नाही, पिकअपची तक्रार नाही. गॅरेजवाला म्हणतो, "वय झालं साहेब, सीएनजी बसवून टाका." खरंच वय की आणखी काही?

रंकाळा
वय नाही, पेट्रोल! पंपावर आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल. २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. माझ्या जुन्या वॅगन-आरचंही कमी झालंय. (आमच्याच उसाचं इथेनॉल, त्यामुळे कोल्हापुरात हे जोरात बोलायची सोय नाही.)

ओंजळ
१. सिग्नलला गाडी बंद करा.
२. एसी कमी वापरा.
३. उताराला न्यूट्रल करा. कात्रजचा बोगदा ओलांडून खाली येताना मी गाडी बंदच करायचे, थेंब लागत नाही.

पाना_१०_१२
ओंजळताई, तिसरं कुणालाही सांगू नका. बंद गाडीत ब्रेकचा बूस्टर दोन-तीनदा दाबेपर्यंतच साथ देतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जातं. आणि यात वाचत काहीच नाही. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलीत तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल घालावं लागतं. कार्बोरेटरच्या फियाटच्या काळातला सल्ला अजून फिरतोय. घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा.

आता सँट्रो. रंकाळा, इथेनॉलचा हिशोब करून बघा. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के घट, आणि आधीच १० टक्के मिसळलेलं असेल तर तीन-साडेतीन. १४.५ चे १३.५ होतील. १०.६ व्हायला दुसरं काहीतरी बिघडलेलं असणार.

धायरीकर, तीन गोष्टी सांगा. गाडी अर्धा तास चालल्यावर टेंपरेचरचा काटा कुठे असतो? सपाट रस्त्यावर ३० च्या स्पीडला न्यूट्रल केली तर आरामात पळते की लगेच मरते? (हे मोकळ्या रस्त्यावर, एकदाच, तपासणीपुरतं.) आणि ॲव्हरेज हळूहळू उतरलं की एकदम?

खडखडाट
टायरमध्ये हवा किती? बाकी नंतर. पंपावरचा पोरगा विचारतो "३५ टाकू का?" आणि आपण हो म्हणतो, नाहीतर चार महिने बघतच नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावरचा आकडा घ्या. सकाळी गार टायरवर मोजा.

धायरीकर
हवा: मागच्या दोन्हींत २२ निघाली. लाज वाटली.

काटा: हे मी कधी बघितलंच नव्हतं. हायवेला तर 'सी'च्या जरासा वर असतो. मला वाटायचं गाडी थंड राहते म्हणजे चांगलंच.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र झोप उडवली. बाबा पेट्रोलची वही ठेवायचे. तारीख, किलोमीटर, लिटर, पंप, आणि "आज पाऊस" असलंही. काल काढून बसलो. २०२३ च्या एप्रिलपर्यंत १४.२, १४.६, १३.९ असे आकडे. मेमध्ये एक ओळ, "खंबाटकीत गाडी गरम, वाईला मेकॅनिक." त्याच्या पुढची भरणी १२.१. मग १२.३, ११.९. तिथून पुन्हा वर कधी गेलंच नाही.

पाना_१०_१२
शंभर टक्के थर्मोस्टॅट काढलाय.

गाडी गरम झाली की आपल्याकडे पहिला इलाज हाच, "व्हॉल्व काढून टाकतो, इकडच्या हवेला लागत नाही." गाडी गरम होत नाही, गिऱ्हाईक खूष. पण तो व्हॉल्व असतो इंजिन लवकर तापावं आणि तापलेलंच राहावं म्हणून. ८० अंशांच्या आसपास तो उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे सोडत नाही. तो नसला की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं, विशेषतः हायवेला वारा लागला की इंजिन ५५-६० वरच राहतं. सेन्सर इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो इंजिन थंड आहे, इसीयू बिचारा जास्त पेट्रोल देत राहतो, जुन्या गाडीत चोक ओढून ठेवल्यासारखं. दिवा लागेलच असं नाही. वर थंड इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल लवकर खराब होतं.

नवा व्हॉल्व, गॅस्केट, कूलंट. पार्ट काही फार महाग नाही. पण त्याआधी गाडी तेव्हा गरम का झाली ते शोधा, नाहीतर व्हॉल्व बसवला की पुन्हा खंबाटकी. रेडिएटर फॅन लागतो का, रेडिएटर चोक आहे का, कॅप प्रेशर धरते का. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? या इंजिनात तो तुटला तर मोठा खर्च आहे, वॉटर पंप त्याच वेळी बघून घेतात.

नागपूरची संत्री
एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे मेमध्ये ४५ असतं. तिथेही थर्मोस्टॅट हवाच?

पाना_१०_१२
हवाच. हवा ४५ ला असली तरी इंजिनला ९० च्या आसपास राहायचं असतं. व्हॉल्व पूर्ण उघडला की तो असून नसल्यासारखाच, गाडी त्याच्यामुळे तापत नाही. अडकून बंद राहिला तर तापते, तेव्हा तो बदलायचा असतो, फेकायचा नसतो.

मुलुंडची मी
माझ्या आय-टेनला कुणीतरी पेट्रोलच्या पाइपवर लावायचं चुंबक विकू बघत होतं, "२५ टक्के बचत". आणि ते महाग ९५ ऑक्टेनवालं पेट्रोल? त्याने फरक पडतो का?

खडखडाट
चुंबक फ्रिजवर लावा, बिलं अडकवायला बरं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ज्या इंजिनाला नॉकिंग (आतून ठकठक) होतं किंवा कंपनीनेच सांगितलंय त्याच्यासाठी. सँट्रो, आय-टेन साध्यावर सुखी.

सीएनजीचं मात्र गॅरेजवाल्याच्या तोंडावर नाही म्हणू नका, हिशोब मांडून दाखवा. किट, आरटीओची नोंद, ठरावीक वर्षांनी सिलिंडरची तपासणी, डिकी गेली. महिन्याला ७०० किमीसाठी सोळा वर्षांच्या गाडीत ते पैसे कधी वसूल व्हायचे?

धायरीकर (तीन आठवड्यांनी)
अहवाल देतो.

आधी फक्त हवा भरली आणि मागचे ब्रेक उघडले. पानाकाकांची न्यूट्रलची तपासणी मी रविवारी सकाळी केली होती, गाडी खरंच लवकर मरत होती. शिवाय ऑफिसला पोचल्यावर मागच्या डाव्या चाकाला हात लावला तर चांगलंच गरम. हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट अडकली होती. ड्रम साफ केले, केबल बदलली. पुढची टाकी: २९८ किमी, २५.६ लिटर. ११.६.

मग दुसऱ्या गॅरेजला गेलो. त्याने स्कॅनर लावला, पंचवीस मिनिटं चालवून आणल्यावर कूलंट ६१ अंश! थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत काहीच नाही, नुसतं भोक. फॅनचा रिले कधी लागायचा, कधी नाही, तोच २०२३ चा खरा गुन्हेगार दिसतोय. रिले बदलला, नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट. टायमिंग बेल्टची वहीत नोंद नव्हती म्हणून तोही बदलून घेतला. आता काटा मध्याच्या किंचित खाली जाऊन थांबतो, फातिमानगरच्या सिग्नलला एसी लावून उभा राहिलो तरी हलत नाही. टाकी: ३४१ किमी, २५.७ लिटर. १३.३.

१४.५ काही झालं नाही. पण ट्रॅफिक २०१५ चा नाही आणि पेट्रोलही तेव्हाचं नाही, त्यामुळे रंकाळा यांनाही थोडे गुण. महिन्याला साधारण १३ लिटर वाचतील.

रंकाळा
गुण मिळाले, आभारी आहे. जुनी गाडी आहे तर पेट्रोलचे रबरी पाइपही एकदा बघून घ्या. सकाळी बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर थांबू नका.

ओंजळ
मी न्यूट्रल बंद केलं. घरात सगळ्यांना सांगितलं की हे मला आधीपासून माहीत होतं.

धायरीकर
पाइप बघतो. आणि एक राहिलं. बाबांना फोन करून सांगितलं की वाईच्या मेकॅनिकने व्हॉल्व काढून टाकला होता. ते म्हणाले, "टाकला कुठे? मला हातात दिला की त्यानं. डिकीत स्टेपनीखाली बघ." गेलो. कागदात गुंडाळलेला, वर त्यांच्या अक्षरात तारीख.

पाना_१०_१२
तो बसवू नका बरं का. पण पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडा आणि उघडतो का बघा. उघडला तर बाबांना सांगू नका, उगाच वाईट वाटेल.

धायरीकर
उघडला. बाबा शेजारीच उभे होते.