पाण्याला भिणाऱ्या शहरातून बेटांवर : एकट्याने केलेल्या बोटप्रवासाचे अनुभव

दांडिया बाजार

१९९३च्या ऑगस्टमध्ये सुरसागर तलावात बोट उलटली आणि २२ माणसं गेली, तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच बडोद्याला आले होते. रात्रभर तलावाच्या काठावर माणसं उभी होती. त्या रात्रीपासून सासूबाईंनी घरात सांगून टाकलं, नावेत बसायचं नाही. गणपती विसर्जनालासुद्धा आमच्याकडचं कोणी तराफ्याजवळ जात नसे. मग १८ जानेवारी २०२४ला हरणी तलावात सहलीची १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या, आणि जे थोडं विसरायला झालं होतं ते पुन्हा घरात येऊन बसलं.

आणि तरीही याच शहरातली किती तरी माणसं अंदमानला, थायलंडला, कुठे कुठे बेटं बघून आलेली आहेत, त्यातली काही तर एकटीच. त्यांनी लिहावं म्हणून हे आमंत्रण, वर नावाऐवजी बडोद्यातला आपापला भाग. निळं पाणी आणि पांढरी वाळू सगळ्यांनी फोटोत पाहिली आहे. धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना काय झालं, सोबत कोणी नसताना कोणाचा हात धरलात, काय खाल्लंत, कुठे परत फिरलात, तेवढं मनापासून लिहा.

सुरुवात मीच करते. वय ५४, लक्षद्वीप, एकटी. ओखा–एर्नाकुलम गाडी बडोद्याला थांबते, कोकणातून खाली उतरते आणि कोचीला सोडते. तिथल्या विलिंग्डन बेटावरून जहाज सुटतं. लक्षद्वीपला बेटं ३६, माणसांची वस्ती फक्त १० बेटांवर, आणि प्रवेश परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. मी घेतलेली सहल पाच दिवसांची : कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. रात्री जहाज चालतं, दिवसभर बेटावर, झोपायला पुन्हा जहाजावर.

मला आधी कोणी न सांगितलेली गोष्ट अशी की जहाज बेटाला लागतच नाही. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं, त्याच्या आतलं पाणी उथळ. म्हणून मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि बेटावरून छोटी मोटारबोट येऊन त्याच्या कुशीला चिकटते. जहाजाच्या बाजूला एक लोखंडी दार उघडलं. समोर ती बोट लाटेबरोबर वर येत होती, खाली जात होती. वर आली की दाराच्या उंबऱ्याशी, खाली गेली की पुरुषभर खोल. दारात दोन खलाशी, बोटीत दोन. माझ्या पुढच्या बाईंनी डोळे मिटले आणि त्यांना सरळ उचलूनच पलीकडे दिलं.

माझी पाळी आली. खलाशाने माझा पंजा धरला नाही, मनगटाच्या वर घट्ट धरलं आणि माझी बोटं त्याच्या मनगटावर ठेवून घेतली. ओला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही, हे त्याने नंतर हिंदीत समजावलं. बोट वर आली, तो म्हणाला ‘अभी’, आणि मी पलीकडे होते. एवढंच. पण तीस वर्षांचं काहीतरी त्या एका पावलात मागे राहिलं, हे मी अजून शब्दांत नीट सांगू शकत नाही.

लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळल्याशिवाय त्या दारासमोर कोणाला उभंच करत नव्हते. कवरत्तीहून घरी फोन लागला तेव्हा सासूबाईंनी बेट कसं आहे ते विचारलं नाही. ‘पट्टा बांधला होतास ना?’ एवढंच विचारलं.

मिनिकॉयला १८८५चा दीपस्तंभ आहे. वर गेलं की एका बाजूला शेवाळी हिरवं उथळ पाणी आणि दुसऱ्या बाजूला एकदम शाईसारखा समुद्र, मध्ये फेसाची रेघ. बाकीच्या बेटांवर मल्याळम बोलतात, इथली भाषा महल, मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण. अंगणात टुना मासा उकडून, धुरी देऊन वाळवतात. मी शाकाहारी, त्या वासाची सवय व्हायला दोन तास लागले, पण एका आजींनी शहाळं दिलं आणि बसायला चटई टाकली.

कारेलीबाग

ताईंनी बोलावलं म्हणून लिहितो. मी निवृत्त, वय ६७. माझी पहिली समुद्रातली बोट म्हणजे ओखा ते बेट द्वारका. आपल्या नव्या मुलांना माहीत नसतं म्हणून सांगतो, ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचाच भाग होता. म्हणजे आपल्या राज्याला समुद्र होता. वडील ते फार अभिमानाने सांगत. लहानपणी त्या बोटीत माणसं अशी खचाखच भरलेली असत की पाणी दिसायचं नाही, फक्त पक्षी दिसायचे, कारण लोक त्यांना दाणे टाकायचे. आता २५ फेब्रुवारी २०२४पासून सुदर्शन सेतू झाला, गाडी थेट बेटावर जाते. पूल हवाच होता. पण त्या फेरीची आठवण मी सोडणार नाही.

निवृत्तीनंतर अंदमानला एकटा गेलो. नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई, पुढे विमान. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४पासून श्री विजयपुरम आहे, पण रिक्षावाले दोन्ही नावं घेतात. पहिला दिवस सेल्युलर जेलला दिला. मूळच्या सात इमारतींपैकी तीन उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहिली, १९११ ते १९२१ अंदमानात काढलेली दहा वर्षं. कोठडीच्या दारात उभं राहून मी मोठ्याने काही म्हटलं नाही, पण ओठ हलले.

मग सरकारी फेरीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. साधारण अडीच तास. खाजगी बोटी लवकर पोचवतात, पण त्यांत काचेआड बंद बसावं लागतं. सरकारी फेरीत डेकवर उभं राहता येतं. माझ्या वयाच्या माणसाने डेकच घ्यावा. वारा लागतो, पोट शांत राहतं आणि स्थानिक माणसं भेटतात. माझ्या शेजारी एक बंगाली गृहस्थ कोंबडीची पिल्लं घेऊन बसले होते, खोक्याला भोकं पाडलेली. अडीच तास आम्ही त्या पिल्लांना ऊन लागू नये म्हणून आळीपाळीने सावली केली. त्यांचं घर शहीद द्वीपावर, म्हणजे नीलवर. तिथे गेलो तेव्हा त्यांनी जेवायला थांबवून घेतलं.

नीलवर दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिथे ओहोटीलाच पोचता येतं. वेळ विचारून निघा. आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. मी हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सव्वापाचला पोचलो आणि सूर्य गेलेला होता. दुसऱ्या दिवशी चारलाच जाऊन बसलो.

मांडवी

काकांचं डेकबद्दलचं अगदी खरं. मी बंद केबिनमध्ये मधल्या रांगेत बसले आणि हॅवलॉक येईपर्यंत पिशवी तोंडापासून हलली नाही. चुकलं ते असं की गोळी बोट सुटल्यावर घेतली. ती निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून, कारण झोप येते. पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. मोबाइलकडे बघू नका, क्षितिजाकडे बघा. परतीच्या फेरीत हे सगळं पाळलं, वर पाव डबा लीलो चिवडाही, म्हणजे आपला ओलसर चिवडा, खाल्ला.

फत्तेगंज

मी विद्यापीठात चित्रकला शिकते. जानेवारीत एकटी थायलंडमधल्या क्राबीला गेले आणि तिथून लांब शेपटीच्या बोटीने फी फी आणि आजूबाजूची बेटं केली. ह्या बोटींना खरंच शेपटी असते. मागे गाडीचं इंजिन, त्याला लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. उथळ पाण्यात नावाडी तो दांडा उचलून धरतो. आवाज इतका की बोलणं बंद. मी पूर्ण दिवस वहीत रेघा मारल्या.

सगळ्यात जास्त वेळ मी बोटीच्या नाकाकडे बघत होते. तिथे लाल, पिवळ्या, हिरव्या रेशमी फिती गुंडाळलेल्या असतात आणि झेंडूसारख्या फुलांची माळ. ती बोटीच्या रक्षक देवीसाठी असते. नाकावर पाय द्यायचा नाही. एक प्रवासी चढला तेव्हा नावाड्याने त्याला रागावून नाही, पण हाताने थांबवलं आणि बाजूने उतरवलं. माझ्या नावाड्याने सकाळी इंजिन सुरू करण्याआधी जुनी माळ काढली, पाण्यात सोडली, नवी बांधली, हात जोडले. गाठ मारताना त्याने फितीचं टोक दाताने ओढलं. मला घरची नारळी पौर्णिमा आठवली. माझं आजोळ अलिबागकडचं, आजोबा होडीला असंच हळदकुंकू लावायचे.

माया बे म्हणून जो प्रसिद्ध किनारा आहे, तो २०१८मध्ये बंद केला होता, कारण माणसांनी प्रवाळ पार तुडवलं होतं. २०२२च्या जानेवारीत उघडला. आता बोटी समोरून आत येत नाहीत, बेटाच्या पाठीमागे लागतात आणि लाकडी वाटेने चालत जायचं. पोहायला बंदी, पाय बुडवता येतात. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी होते आणि काळ्या टोकाच्या पंखाची छोटी शार्क काही हातांवरून गेली. त्या परत आल्या आहेत. ते पाहून मला फार बरं वाटलं, पाण्यात न उतरता आल्याचं काहीही वाईट वाटलं नाही.

एकटीने जाण्याबद्दल घरून खूप विचारणा झाली. मी रोज संध्याकाळी बोटीचा आणि नावाड्याचा फोटो आईला पाठवायचे, कुठे राहते ते बाबांकडे लिहून ठेवलेलं. त्यांना तेवढं पुरलं, मलाही.

रावपुरा

फिलिपाइन्स, एल निदो. तिथल्या बोटीला दोन्ही बाजूंना बांबूचे हात असतात, पाणकिड्यासारखे. त्यामुळे ती सहसा कलंडत नाही. पण मला सांगायचंय ते बोट न निघालेल्या दोन दिवसांबद्दल. वारा वाढला आणि तिथल्या तटरक्षक दलाने सगळ्या सफरी बंद केल्या. ऊन पडलेलं, समुद्र किनाऱ्याजवळ शांत, आणि तरी एकही बोट हलली नाही. काही प्रवासी वाद घालत होते. मी धक्क्यावर बसून घरून नेलेल्या थेपल्यांवर मेतकूट खात राहिलो. नावाडी जाळी शिवत होते, एकाने मला गाठ शिकवली. त्यांचाही दोन दिवसांचा रोज बुडाला होता, पण एकानेही ‘चला, काय होतं’ म्हटलं नाही. आपल्याकडच्या तलावांवर असं कोणी थांबलं असतं, तर आज किती घरं वेगळी असती, हा विचार मला तिथे बसून सतत येत होता.

वाघोडिया रोड

मी परत फिरलो तो अनुभव लिहितो. देशाचं आणि बेटाचं नाव लिहीत नाही. चार बेटांची सफर, पैसे आदल्या दिवशी भरलेले. सकाळी धक्क्यावर मोजलं, माणसं २६ आणि जॅकेटं १५, त्यातल्या दोन जॅकेटांचे पट्टे तुटलेले. विचारलं तर म्हणाले, आत आहेत. आत पाहिलं, नव्हती. मी म्हटलं, मी येत नाही. मागच्या लोकांना उशीर होत होता, ते चिडले. पैसे परत मिळाले नाहीत.

ते लोक संध्याकाळी सुखरूप परत आले. फोटो दाखवत होते, छान होते. मला तरी पश्चात्ताप झाला नाही. हरणीच्या दिवशी माझी भाची त्याच वयाची होती, दुसऱ्या शाळेत. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत एकाही घरात टीव्ही बंद झाला नाही आणि कोणी जेवलंही नाही. मी धक्क्यावर उभा राहून जॅकेटं मोजतो ती त्या संध्याकाळपासून. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त पैसे देऊन दुसरी बोट घेतली. चढण्याआधी नावाड्याने स्वतः प्रत्येकाचे पट्टे ओढून पाहिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंडाला नळी लावून पाण्यात डोकं घातलं. खाली पोपटी रंगाचा मासा प्रवाळ कुरतडत होता आणि तो कुरतडण्याचा आवाज, कडक खाखरा मोडावा तसा, पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता.

घडियाळी पोळ

काकू, मी २९ वर्षांची, पोहता येत नाही. लक्षद्वीपला जायचंय. जहाजावर एकटीला केबिन कशी मिळते? आणि त्या लोखंडी दाराची मला फार भीती वाटतेय.

दांडिया बाजार

बेटा, माझ्या केबिनमध्ये आणखी तीन बायका होत्या, एक कोट्टायमची, दोघी पुण्याच्या मायलेकी. तिकीट काढतानाच एकटी आहे हे सांग. पोहणं मलाही येत नव्हतं. जाण्याआधी दोन महिने महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेला गेले, पाण्यावर पडून राहायला शिकले, बाकी काही नाही. तेवढंच शीक. पावसाळ्यात जाऊ नकोस. सामान पाठीवरच्या पिशवीत भर, दोन्ही हात मोकळे हवेत. चपलेला मागे पट्टा असू दे. दारापाशी खाली पाण्याकडे बघू नकोस, समोरच्या खलाशाच्या तोंडाकडे बघ, तो ‘अभी’ म्हणेल.

रविवारी सकाळी घरी ये. सासूबाईंनी मनगट कसं धरायचं ते माझ्याकडून शिकून घेतलंय, त्याच तुला दाखवतील.