मदत हवी आहे : चूक तुमचीच आहे, हे इंग्रजीत गोडीत कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

साकीनाक्याला एका एक्स्पोर्ट कंपनीत मी डॉक्युमेंटेशन बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बीएल (म्हणजे बिल ऑफ लेडिंग, मालासाठी शिपिंग लाइन देते तो कागद), सगळं झोपेतही करेन इतकी सवय झाली आहे. शाळा लालबागची, मराठी माध्यम. इंग्रजीवाचून काम कधी अडलं नाही. पण आपलं इंग्रजी समोरच्याला कसं लागतं, ते मला अजिबात कळत नाही, हे परवा कळलं.

झालं असं. इंग्लंडमधल्या एका बायरला बीएलचा ड्राफ्ट तपासायला पाठवला होता. सोमवारी पाठवला, गुरुवार संध्याकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही. शिपिंग लाइनची मुदत शुक्रवारची. त्यानंतर एक स्वल्पविराम हलवायचा तरी पैसे पडतात. मेट्रोने घाटकोपरला उतरले, डोंबिवली लोकल लेट, प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नाही. संध्याकाळचे ७:४० झाले होते. तिथेच उभ्याउभ्या मोबाइलवर लिहिलं :

"डिअर मॅडम, यू हॅव नॉट अप्रूव्ह्ड द बीएल ड्राफ्ट टिल नाऊ. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट टुडे इटसेल्फ."

आणि सीसीमध्ये त्यांच्या साहेबांना घातलं.

माझ्या मते डिअर होतं, मॅडम होतं, काइंडली होतं. आणखी किती आदर द्यायचा?

शुक्रवारी अप्रूव्हल आलं. खाली एक ओळ होती : "आय वॉज अ लिटल सरप्राइज्ड बाय द टोन ऑफ युअर ईमेल." मी म्हटलं, लिटलच आहे ना, जाऊ दे. पण सरांनी वाचलं आणि केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी बरीच वर्षं लंडनची गिऱ्हाइकं सांभाळली आहेत. म्हणाले, "अहो, इंग्रज माणूस 'अ लिटल' म्हणतो तेव्हा तो चांगलाच तापलेला असतो."

आता खरी अडचण. माल न्हावा शेवा बंदरातून निघाला, बीएल निघालं, आणि आता त्याच मॅडम म्हणतात की बीएलवरचा पत्ता जुन्या गोडाऊनचा आहे, बदलून द्या. पत्ता त्यांच्याच परचेस ऑर्डरवरून घेतलेला. ड्राफ्ट त्यांनीच ९ तारखेला मंजूर केलेला. शिपिंग लाइन दुरुस्तीचा म्हणजे अमेंडमेंट चार्ज लावणार, तो त्यांनीच भरायला हवा. सोमवारी मेल जायला हवा आणि सरांनी तो मलाच लिहायला सांगितला आहे. तीन ड्राफ्ट झाले. एक वाचला तर भांडण, दुसरा वाचला तर भीक, तिसरा माझा मलाच कळेना.

कुणी मदत करेल का?

प्रतिसाद

ताई, मी बीकेसीत बसून दिवसभर लंडनशीच मेलामेली करतो. आधी तुमचा जुना मेल त्या बाईंच्या कानांनी ऐका.

"रिव्हर्ट" म्हणजे आपल्याकडे उत्तर देणं. त्यांच्या रोजच्या इंग्रजीत पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. "डू द नीडफुल" तिकडे जुनाट वाटतं, जुन्या सरकारी पत्रासारखं. "टुडे इटसेल्फ" हे आपल्या "आजच"मधल्या "च"चं भाषांतर आहे. मराठीत तो च एका अक्षरात निसटून जातो, इंग्रजीत टेबलावर हात आपटल्यासारखा वाजतो. शिवाय उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं, हिवाळ्यात साडेपाच. तुमच्या ७:४० ला त्यांचे दुपारचे ३:१० वाजले होते. म्हणजे त्यांच्या हातात "आज" किती उरला होता बघा.

"काइंडली"चंही तेच. आपल्याला तो नमस्कार वाटतो, तिकडे बऱ्याच जणांना नोटीस बोर्ड आठवतो. आणि "आय हॅव अ डाउट" लिहायची सवय असेल तर सोडा. आपल्याला शंका विचारायची असते, त्यांना वाटतं आपण संशय घेतोय.

पण खरी कळ सीसीने आली असणार. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडून डबा परत मागायचा आणि त्यासाठी चौकात उभं राहून त्यांच्या सासऱ्यांना हाक मारायची, तसं झालं ते.

प्रतिसाद

एवढं डोकं कशाला लावता? एआयला सांगा, दोन सेकंदांत लिहून देईल.

धागाकर्ती

तेही केलं हो. "आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल"पासून सुरुवात, चार परिच्छेद, आणि मधेच "वी सिन्सिअरली अपॉलजाइझ". सर म्हणाले, आपणच माफी मागितली तर चार्जही आपल्याच गळ्यात. शिवाय मागच्या आठवड्यात "टुडे इटसेल्फ" लिहिणारी बाई या आठवड्यात अशी लिहायला लागली, तर त्या मॅडमना काय वाटेल?

प्रतिसाद

मी शिपिंगमधून निवृत्त झालो, बॅलार्ड इस्टेटमध्ये आयुष्य गेलं. पोरी, तू इंग्रजी शिकायला धावू नकोस, आधी तुझ्या मराठीकडे बघ.

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पार्किंगचं विचारायला गेलीस तर काय म्हणतेस? "जरा विचारायचं होतं." अगं, विचारायचं आत्ता आहे, मग "होतं" का? कारण भूतकाळात टाकलं की मागणीची धार जाते. "नाही" म्हणायला समोरच्याला जागा राहते. इंग्रज तेच करतो : "आय वॉज वंडरिंग", "आय वॉज होपिंग". "कॅन यू"चं "कुड यू" होतं तेही याच न्यायाने.

दुसरं. घरात कप फुटला की आपण काय सांगतो? "कप फुटला." "मी कप फोडला" कोण म्हणतो! सुनेनं फोडला असेल तर शहाणी सासूही "कप फुटला वाटतं" एवढंच म्हणते. हीच युक्ती मेलमध्ये. "यू हॅव नॉट अप्रूव्ह्ड" म्हणजे सुनेकडे बोट दाखवणं. "आय डोन्ट थिंक द अप्रूव्हल हॅज कम थ्रू येट" म्हणजे कप फुटला.

आपला आदर क्रियापदात असतो. पाठव, पाठवा, पाठवाल का. इंग्रजीत सगळ्यांना एकच "यू", त्यामुळे भाषांतर करताना "पाठवाल का"मधला "ल का" गळून पडतो आणि उरतो नुसता हुकूम. मग आपण त्याला वरून प्लीज आणि काइंडलीची तोरणं बांधतो. तोरणं नकोत, तो "ल का" परत आण.

मी असं लिहिलं असतं :

"थँक्स फॉर लेटिंग मी नो अबाउट द न्यू ॲड्रेस. द वन ऑन द बीएल केम फ्रॉम युअर परचेस ऑर्डर, अँड द ड्राफ्ट वॉज कन्फर्म्ड ऑन द नाइन्थ. वी कॅन स्टिल हॅव इट अमेंडेड, दो द लाइन चार्जेस अ फी आफ्टर सेलिंग. वुड यू बी हॅपी फॉर अस टु ॲड धिस टु युअर इन्व्हॉइस? इफ यू कुड लेट मी नो बाय वेन्सडे, आय विल सेंड इट टु द लाइन द सेम डे."

"वॉज कन्फर्म्ड" बघ. कुणी केलं ते लिहिलेलंच नाही. तारीख आहे, त्यांच्या इनबॉक्समध्ये त्यांचाच मेल आहे, त्या बघतील. "हॅपी"चा इथे आनंदाशी संबंध नाही, चालेल ना एवढंच विचारलंय. सॉरी कुठेही नाही. आणि "अर्जंट" लिहिण्यापेक्षा वार दिला की काम होतं.

मागच्या मेलबद्दल एक ओळ मात्र वेगळी टाक, अगदी शेवटी. तिथे सॉरी म्हणायला हरकत नाही, ते सुराबद्दल आहे, पैशाबद्दल नाही. आणि या वेळी सीसी रिकामा.

प्रतिसाद

एवढं मऊ व्हायचं कारण काय? चूक त्यांची, पैसे त्यांचे. आमच्या डच क्लायंटला असा मेल पाठवला तर तो फोन करून विचारेल, नक्की काय हवंय तुम्हाला?

प्रतिसाद

डच माणसाला डचसारखं लिहा ना. इथे बायर इंग्रज आहे.

जाता जाता ताईंसाठी : जीमेलच्या सेटिंगमध्ये "अनडू सेंड" ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतं. ऑफिसला डेस्कटॉपवरचं क्लासिक आउटलुक असेल तर रूल लावून मेल दोन तासांपर्यंत रोखून ठेवता येतो. घाटकोपरला लिहिलेला मेल डोंबिवलीत पोहोचून पुन्हा वाचा. माझे निम्मे तरी दिवा स्टेशनच्या आधी डिलीट होतात.

धागाकर्ती

सर्वांचे, विशेषतः काकांचे मनापासून आभार.

मेल आज दुपारी अडीचला पाठवला, तिकडे सकाळचे दहा वाजतील असा. काकांचा मजकूर जवळपास तसाच ठेवला. शेवटी स्वतःची ओळ घातली : "आय ॲम सॉरी माय लास्ट ईमेल साउंडेड शार्प. आय वॉज वरीड अबाउट द डेडलाइन." सरांना दाखवला. त्यांनी एक कॉमा काढला आणि काही न बोलता परत दिला, म्हणजे पास.

पाऊण तासात उत्तर आलं. चार्ज इन्व्हॉइसला लावायला त्यांची हरकत नाही, जुन्या पत्त्याचं आमच्याकडून राहून गेलं, असं त्यांनी आपणहून लिहिलं आहे. अमेंडमेंटची रिक्वेस्ट संध्याकाळीच लाइनला गेली.

फक्त खाली पुन्हा एक ओळ आहे : "क्वाइट अ डिफरंट ईमेल फ्रॉम द लास्ट वन, इफ आय मे से सो."

सर आज लवकर निघाले. हे कौतुक आहे की टोमणा, कुणी सांगेल का?