पाटी कोरी नव्हती

"मंगोलियात 1990 च्या आधी ख्रिस्ताचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हा कोऱ्या पाटीवर पहिली अक्षरं उमटावीत म्हणून प्रार्थना करा" असं या चर्चेत एका प्रार्थनेच्या विनंतीत म्हटलंय. प्रार्थना जरूर करू, पण पाटी कोरी नव्हती हो. तेराव्या शतकातल्या मंगोल सम्राट कुब्लाई खानाची आई सोरखाख्तानी तिथल्याच केराइत टोळीतली, आणि ख्रिस्ती. शेजारच्या चीनमध्ये शीआनच्या 781 सालच्या शिलालेखात तर अलोपेन नावाचा धर्मप्रसारक 635 मध्ये राजधानीत आल्याचं कोरलंय, चिनी मजकुराच्या जोडीला सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतली अक्षरंही आहेत. केरळच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांची (चर्चची) उपासनेची भाषा तीच!

इथे कुणी न काढलेला मुद्दा म्हणजे देवाला हाक कोणत्या शब्दाने मारायची. मंगोलियन भाषेतला रोजचा शब्द 'बुर्खान', पण तो बुद्धालाही लावतात. म्हणून बायबलच्या नव्या कराराच्या 1990 च्या मंगोलियन भाषांतरात 'विश्वाचा स्वामी' अशा अर्थाचा शब्द घेतला. पुढच्या भाषांतरात पुन्हा 'बुर्खान', आणि मंडळ्यांमध्ये मतभेद झाले. चिनी बायबलच्या 1919 च्या प्रसिद्ध भाषांतराच्या तर दोन आवृत्त्या निघतात, देवासाठी एकीत 'शांगदी' हा शब्द, दुसरीत 'शेन'. 'शांगदी'ला दोन अक्षरं लागतात, 'शेन'ला एक, म्हणून दुसरीत 'शेन'च्या आधी एका अक्षराची जागा मोकळी सोडतात. पानं जुळायला हवीत ना! आमच्या प्रार्थनागटात हे सांगितलं तर एक मावशी म्हणाल्या, "मग ती मोकळी जागा आपण कशी वाचायची?" मला उत्तर सुचलं नाही.