प्रति: फॉरमॅटच्या आधी रॅमचा वेग पाहा
दादा, दोनदा विंडोज टाकूनही पीसी गोठतोय म्हणता, तर तिसऱ्यांदा टाकू नका. आमच्या आर्वीकडच्या सेवा केंद्रात हेच झालं. सातबारा काढता काढता माउसचा बाण जागीच थिजायचा, पंखा मात्र फिरत राहायचा. आम्ही महिनाभर उन्हाला अन् लाइनीला दोष दिला. निघाली रॅम! रॅमच्या पट्ट्या ३२०० वेगाच्या, एक्सएमपी (पट्टी तिच्यावर छापलेल्या जास्त वेगानं चालवणारी सेटिंग) चालू, अन् जुन्या प्रोसेसरची रॅमच्या वेगाची अधिकृत मर्यादा २६६६. एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं. त्यात डीडीआर४ प्रकारच्या रॅमला नेहमीच्या १.२ ऐवजी बहुतेकदा १.३५ व्होल्ट लागतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी बंद करा, वेग २६६६ ठेवा अन् लाइन असेल त्या रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून द्या. एक जरी एरर दिसली, तर एकेक पट्टी काढून तपासा. दोन पट्ट्या वेगवेगळ्या कंपनीच्या असतील तर पहिला संशय तिथंच घ्या.