टायफॉइडची विडाल टेस्ट पॉझिटिव्ह निघाली, मग आता ब्लड कल्चर काऊन?

मानेवाड्याचा_पोट्टा:
बाबांना ६ दिवसांपासून ताप येऊन राहिला, संध्याकाळी १०२ पर्यंत जाते. चौथ्या दिवशी घराजवळच्या लॅबमध्ये विडाल केली, ओ १:८० आली, मेडिकलवाल्यानं अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, दोन गोळ्या झाल्या, फरक शून्य. आज धंतोलीत दाखवलं तर डॉक्टरांनी विडालच्या कागदाकडे धड पाहिलंही नाही, गोळ्यांचं ऐकून चिडलेच, म्हणे ब्लड कल्चर करा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहतात ते. डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) ४,२०० म्हणजे नॉर्मल, मग इन्फेक्शन कुठून आलं? अन् कल्चरला ५ दिवस लागते म्हणतात, तोवर माणूस तापातच ठेवायचा का?

लॅबवाला_भाऊ:
चिडले ते बरोबरच चिडले बाप्पा. मी मायक्रोबायोलॉजीतच आहे, रोज हेच पाहतो. अँटिबायोटिक पोटात गेलं की रक्तातले जंतू मरतात नाहीतर दबतात, मग बाटलीत काही वाढत नाही अन् रिपोर्ट येते नो ग्रोथ, आजार मात्र आहे तिथंच. तरी करून घ्या, कधीकधी सापडतात. विडाल जंतू शोधतच नाही, अँटिबॉडी शोधते, अन् आपल्याकडे १:८० तर धडधाकट माणसाचीही निघते.
कल्चरला दोन्ही हातांतून रक्त घ्यायला सांगा, एका बाटलीत ८-१० एमएल, अन् कातडी नीट पुसून, नाहीतर कातडीवरचेच जंतू वाढतात. बाटली मशीनमध्ये जाते, जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, ते मशीन पकडते. ५ दिवस हे "काही नाही" म्हणायसाठी असतात, टायफॉइड असला तर बहुतेक दोन-तीन दिवसांतच मशीन ओरडते. मग ग्रॅम स्टेन करून, म्हणजे जंतूंना रंग देऊन, जांभळे दिसले की गुलाबी ते लगेच डॉक्टरांना फोनवर कळवतो, त्यावरून जंतूचा गट कळते. जंतूचं नाव अन् कोणती गोळी चालते ते त्याच्या एक-दोन दिवसांनी.

रामदासपेठ_रेसिडेंट:
डब्ल्यूबीसीवर जाऊ नका, टायफॉइडमध्ये ते वाढतच नाही बरेचदा, उलट कमी होते. न्यूमोनियात वाढते. अन् कल्चरसाठी थांबत कोणी नाही, रक्त काढलं की तपासणीवरून अंदाजानं औषध सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर बदलतात.

काटोलवाली:
दादा, बाबा शेतात वगैरे गेले होते का? आमच्या सासऱ्यांचं असंच टायफॉइड टायफॉइड करत ८ दिवस गेले, निघाला स्क्रब टायफस, गवता-झुडपातला बारीक किडा चावून होते तो. २०१८ मध्ये आपल्या विदर्भात साथ होती ना, तेव्हाच. तो साध्या कल्चरमध्ये वाढतच नाही म्हणे, त्याची आयजीएम टेस्ट वेगळी. काखेत, जांघेत, कमरेला सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली पहा, दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

लॅबवाला_भाऊ:
हाव, हे माझ्या ध्यानातून सुटलंच होतं. खरंच पहा.

मानेवाड्याचा_पोट्टा:
पोळ्याला सावनेरला शेतात होते, दोन हप्ते झाले असतील. काखेत काही नाही, पण कमरेला नाडीच्या खाली एक काळी खपली आहे, बाबा म्हणे पट्टा घासला असन. फोटो डॉक्टरांना पाठवला, आताच्या आता घेऊन या म्हणाले. निघालो.