पाचव्या अंकातला सादाकुरो

काबुकीत, म्हणजे जपानच्या पारंपरिक रंगभूमीवर, घराण्याचं नाव पाठीशी नसेल तर नट आयुष्यभर गर्दीतच उभा राहायचा, असं म्हणतात. बहुतांशी खरं आहे, पण मग पहिल्या नाकामुरा नाकाझोचं (१७३६-१७९०) नाव घ्यायलाच हवं. हा अगदी तळच्या श्रेणीतून वर चढलेला नट. १७६६ साली एदोच्या (आजच्या टोकियोच्या) इचिमुरा-झा नाट्यगृहात 'कानादेहोन चुशिंगुरा' या नाटकात त्याच्या वाट्याला आला पाचव्या अंकातला ओनो सादाकुरो. तो अंक म्हणजे प्रेक्षकांची डबे उघडायची वेळ! सादाकुरो तेव्हा जाडाभरडा अंगरखा घातलेला रानटी दरोडेखोर म्हणून उभा करायचे. नाकाझोने विचार केला, हा तर मोठ्या अधिकाऱ्याचा वाया गेलेला मुलगा, मग तो सामुराईसारखा का दिसू नये? पावसात चिंब झालेला एक सामुराई पाहून त्याला हे सुचलं, अशी आख्यायिका आहे. वर खोचलेला काळा किमोनो, पांढरेफटक रंगवलेले हातपाय, हातात फाटकी छत्री.

आणि हे रूप टिकलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आजही सादाकुरो त्याच काळ्या वेशात येतो. एका म्हाताऱ्याला मारून त्याचे पैसे मोजतो, "पन्नास ऱ्यो" (ऱ्यो म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) एवढंच बोलतो, आणि रानडुकरासाठी झाडलेली गोळी त्यालाच लागते. तोंडातून ओघळलेलं रक्त पांढऱ्या मांडीवर टपकतं. काही मिनिटांचं काम, पण ते मिळावं म्हणून नट आसुसलेले असतात.